शत्रू बंद ठेवून तपासलेलं दार

ऑफिसात ताईंना सगळे भिंतताई म्हणत. ते नाव त्यांना काडीचंही आवडत नसे, पण चुकीचं आहे असंही म्हणता येत नव्हतं. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत त्या भिंतींनाच धडका देत असत.

अर्थात खऱ्या भिंतींना नव्हे. ताई कामाला होत्या तिथे व्हिडिओ गेम तयार होत. सध्याचा गेम एका प्रवासी योद्ध्याचा होता. पाठीला तलवार, अंगात करडा अंगरखा, आणि चेहरा असा की चार दिवस कुणी जेवायला विचारलेलं नाही. खेळणाऱ्याने त्याला घेऊन डोंगरदऱ्या धुंडाळायच्या, पडक्या इमारतींत शिरायचं, आणि शत्रू आडवे आले की त्यांच्याशी लढायचं. पण असा गेम बाजारात जाण्याआधी त्यातली सगळी जमीन कुणाला तरी पायाखाली घालावी लागते. एखाद्या भिंतीत फट राहिली तर योद्धा तिच्यातून आरपार जातो आणि पलीकडच्या पोकळीत पडतच राहतो. म्हणून ताई त्याला प्रत्येक भिंतीशी नेत, तिच्यावर रेटत, हातभर सरकवत आणि पुन्हा रेटत. फट सापडली की रजिस्टरात तांबड्या पेनाने नोंद. कॉम्प्युटरवर नोंदवायची सोय होती आणि तिथेही त्या नोंदवत, पण आधी रजिस्टर.

ही सवय छापखान्यातली. बावीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली होती. छापखाना बंद पडला तेव्हा ताई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि चुका शोधण्यापलीकडे दुसरं काही येत नव्हतं. गेमच्या कंपनीला चुका शोधणारं माणूस हवंय असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्या गेल्या. मुलाखतीत मोठ्या बाईंनी, म्हणजे कंपनीच्या मालकिणीने, गेम खेळता का असं विचारलं. ताई म्हणाल्या, नाही, पण पाचशे पानांत एक काना कमी असला तर मला त्या रात्री झोप लागत नाही. नोकरी मिळाली.

रोज निघताना ताई देवापुढे हात जोडत. मागणं फार नसे. आज खोटं लिहायची वेळ आणू नकोस, एवढंच. मग चपला घालत.

त्यांच्या टेबलासमोर जो बसायचा त्याला सेनापती म्हणत. गेममधल्या सगळ्या मारामाऱ्या त्याच्या हाताखाली तयार व्हायच्या. तलवार किती वेगाने फिरावी, शत्रू किती वारांत पडावा, पडताना कसा ओरडावा, सगळं तो ठरवी. माणूस मात्र हडकुळा, पित्ताचा त्रास असलेला, कोमट पाण्याची बाटली घेऊन हिंडणारा. टेबलावर मुंगी दिसली तर कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडायचा. पण पडद्यावर त्याला शंभर पावलांत कुणाचा मुडदा पडलेला दिसला नाही की चैन पडत नसे.

या दोघांचं गेली दोन वर्षं एका दरीवरून वाजत होतं.

गेमच्या मध्यावर एक लांबरुंद दरी होती. मधोमध तळं, काठाला उंच गवत, पलीकडे एक मनोरा, टोकाला बाहेर पडायचं लोखंडी दार. दरीत शिरल्यावर घाई करायचं काही कारणच नसे. गवतातून पायवाटा फुटत. एक पडक्या गिरणीकडे जाई, एक नावेशी. ताईंनी त्या दरीतला दगड न् दगड चाचपला होता. दोन वर्षांत खऱ्या गावातसुद्धा त्या एवढ्या हिंडल्या नव्हत्या.

सेनापतीला ही दरी डोळ्यांत खुपत असे. त्याचं म्हणणं, खेळणारा इथे आला की जांभया देतो. सहा महिन्यांपूर्वी त्याने तिथे तेवीस शिपाई उभे केले आणि नियम घातला, की तेवीसही हरले की लोखंडी दार उघडेल. तेवढ्यानेही त्याचं समाधान नव्हतं. तळं बुजवावं, गवत काढावं आणि दरीची सरळ गल्ली करावी, असा धोशा त्याने लावला होता.

"ताई, माणूस दिवसभर चालतोच की," तो म्हणायचा. "बसपर्यंत चालतो, दुकानापर्यंत चालतो. घरी येऊन पुन्हा चालायला गेम कशाला घेईल? दिवसभर ज्यांच्यावर हात उगारता आला नाही, त्यांना त्याला संध्याकाळी बडवायचं असतं."

"अरे, पण तो दिवसभर जातो कुठे?" ताई म्हणत. "ज्या रस्त्याने गेला त्याच रस्त्याने परत. एखाद्या गल्लीत उगाच वळून बघितलंय का त्याने कधी? ते त्याला इथे करू दे."

"वळून बघण्यात मजा काय?"

या प्रश्नापाशी ताई हात टेकत. वळून बघण्यात मजा काय, हे ज्याला सांगावं लागतं त्याला सांगून तरी काय होणार? घरी येऊन त्या यजमानांपुढे हे सगळं ओकत. यजमान घड्याळं दुरुस्त करत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं टेबल होतं. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर कुणाच्या तरी मनगटावरचं घड्याळ आतडी काढून पडलेलं. ते सगळं ऐकून घेत आणि शेवटी एवढंच विचारत, "मग आज कुठवर गेलीस?" त्याने ताई आणखी चिडत. घरातल्या माणसाने निदान बाजू तरी घ्यावी.

शेवटी मोठ्या बाई दोघांच्या कटकटीला कंटाळल्या. त्यांनी निकाल लावायची रीत ठरवली. कधीच गेम न खेळलेली सहा माणसं बाहेरून बोलवायची, एकेकाला दरीत सोडायचं, काही सांगायचं नाही. सहापैकी तीन माणसं आपण होऊन दहा मिनिटं दरीत रमली तर दरी आहे तशी राहील. नाहीतर तळं बुजवायचं. पुढे या विषयावर कुणी अवाक्षर काढायचं नाही.

इथे त्या ऑफिसातली कामाची एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं गाडं तिथेच अडलं.

ताईंच्या मशीनवर दोन बटणं होती. एक दाबलं की योद्धा अमर होई. दुसरं दाबलं की शत्रू बंद, म्हणजे सगळ्या गेममध्ये एकही शिपाई दिसत नसे. हे सोयीचंच होतं. भिंत चाचपताना कुणी पाठीत भाला खुपसत राहिला तर काम कसं व्हायचं? त्यामुळे दोन वर्षं ताई त्या मुलुखातून निवांत हिंडल्या. सेनापतीची पद्धत याच्या उलट. त्याची माणसं मारामाऱ्या तपासत त्या एका करड्या, चौकोनी, मोकळ्या खोलीत. सपाट जमीन, चार भिंती, बाकी काही नाही. डोंगर, पाणी, गवत मध्ये आलं की मशीन मंदावतं म्हणून. ताईंनी शिपाई कधी पाहिले नव्हते आणि सेनापतीने दरी कधी चालून पाहिली नव्हती. दोन्ही एकत्र कुणीच केलं नव्हतं, आणि तसं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण दोन्हीकडच्या नोंदी नेटक्या होत्या.

परीक्षा सुरू झाली. एका खोलीत खेळणारा बसे. मधल्या काचेतून पलीकडच्या खोलीत बसलेल्या मोठ्या बाई, ताई आणि सेनापती त्याला बघत, त्याला मात्र काचेत स्वतःच दिसे. मनात येईल ते मोठ्याने बोला, एवढीच सूचना. चालण्याची परीक्षा असल्यामुळे त्या मशीनवर ताईंच्या मशीनसारखीच मांडणी लावली होती, शत्रू बंद.

पहिल्या बाई परिचारिका होत्या. त्या तळ्याकाठी गवतात योद्ध्याला बसवता येतं का ते शोधत बसल्या आणि पंधरा मिनिटं हलल्या नाहीत. ताईंना त्यांचे पाय धरावेसे वाटले. दुसरा आणि तिसरा सरळ नाकासमोर धावत दारातून बाहेर. चौथे एक निवृत्त शिक्षक, ते गिरणीत शिरले आणि तिचं चाक का फिरत नाही यावर योद्ध्यालाच रागावले. बारा मिनिटं. पाचवा दरीत शिरला, "इथे कोणी नाही वाटतं," म्हणाला आणि निघून गेला. सेनापतीने कोमट पाण्याचा घोट असा घेतला की ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

दोन झाले होते. सहावं माणूस राहिलं होतं, आणि ते आलंच नाही.

नेमके त्याच वेळी यजमान ऑफिसात हजर झाले. सकाळच्या गडबडीत ताई जवळचं बघायचा चष्मा घरी विसरल्या होत्या, तो द्यायला. मोठ्या बाईंनी त्यांना दारातच विचारलं, तुम्ही कधी गेम खेळलात का? ते म्हणाले, पत्तेसुद्धा नाही.

"हे चालणार नाही," ताई म्हणाल्या. "माझे यजमान आहेत. उद्या कुणी म्हणेल मी पढवून आणलं."

"यांना?" सेनापती त्यांच्याकडे बघत म्हणाला. यजमान तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाखाली जाऊन उभे राहिले होते आणि मनगटावरच्या घड्याळाशी ते ताडून बघत होते. "माझी हरकत नाही."

ताई काचेमागे जाऊन बसल्या. त्यांचा जीव टांगणीला लागला होता, आणि तोही कुणाच्या हातात, तर भाजी आणायला पाठवलं तर वाटेत कुणाचं तरी बंद घड्याळ घेऊन येणाऱ्या माणसाच्या.

सुरुवातीलाच मशीन अडकलं. कुणीतरी येऊन ते बंद करून पुन्हा सुरू केलं. सुरू होताना ते मूळ स्थितीत आलं, म्हणजे विकत घेणाऱ्याला जसं मिळेल तसं. योद्धा अमर नाही, आणि शत्रू चालू. हे कुणीही पाहिलं नाही.

यजमानांनी कंट्रोलर दोन्ही हातांत घेतला आणि आधी तो उलटा करून त्याचे स्क्रू पाहिले. ताईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी योद्ध्याला एक पाऊल चालवलं, थांबले, आणखी एक पाऊल चालवलं. समोर रस्ता सरळ होता, पण ते डावीकडे वळले. तळ्याला वळसा घालून, गवतातून, एखाद्या आजाऱ्याला हाताला धरून न्यावं तसं त्यांनी योद्ध्याला पलीकडच्या मनोऱ्यापाशी नेलं. तिथे उभे राहिले आणि मान वर करून बघत बसले.

"काय बघताहेत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"देव जाणे," ताई म्हणाल्या.

तेवढ्यात तळ्याच्या अलीकडच्या काठावर शिपाई दिसले. एक, मग चार, मग सगळेच. ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पाहिलं. सेनापती खुर्चीत पुढे सरसावला. शिपायांनी योद्ध्याला हेरलं, भाले उगारले आणि सरळ त्याच्या दिशेने धाव घेतली. मध्ये तळं होतं. करड्या खोलीत तळं नव्हतं, त्यामुळे पाणी आडवं आलं तर काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. पहिला शिपाई धावत पाण्यात शिरला आणि दिसेनासा झाला. त्याच्यामागे दुसरा. मग रांगच लागली. तेवीसच्या तेवीस, आरोळ्या ठोकत, एकामागून एक तळ्यात बुडाले. वर बुडबुडे आले आणि पाणी पुन्हा शांत झालं.

यजमानांनी आवाजाने क्षणभर योद्ध्याला वळवलं. "पोहता येत नव्हतं तर उतरायचं कशाला?" ते म्हणाले आणि पुन्हा मनोऱ्याकडे वळले.

सेनापतीच्या तोंडचं पाणी पळालं. सहा महिन्यांचं काम त्याच्या डोळ्यांसमोर बुडालं होतं. ताईंना वास्तविक हसू यायला हवं होतं. पण त्यांची नजर पडद्याच्या कडेला गेली आणि तिथेच थिजली.

कडेला, दूर, लोखंडी दार दिसत होतं. ते बंद होतं.

ताईंच्या रजिस्टरात, एक्केचाळिसाव्या पानावर, त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: दार उघडतं, तपासलं. आणि ते खरंच उघडं असे. शत्रू बंद असताना हरवायला कुणी उरतच नाही, मग दार बंद कशासाठी राहील? आता मात्र शिपाई तलवारीने नव्हे, पाण्याने मेले होते. मशीनने ते हरलेल्यांत धरलेच नव्हते. दार आता जन्मात उघडणार नव्हतं. जो कुणी विकत घेऊन खेळेल आणि असा तळ्यापलीकडे जाईल तो या दरीत कायमचा अडकणार होता, आणि तांबड्या पेनाची नोंद सांगत होती की सगळं ठीक आहे.

"दहा मिनिटं झाली," मोठ्या बाई म्हणाल्या. "तीन पुरे झाले. ताई, तुमची दरी राहिली."

सेनापती बुडबुड्यांकडेच बघत होता. दाराकडे ताईंखेरीज कुणाचंच लक्ष नव्हतं. गप्प बसलं असतं तर दरी राहिली असती, आणि चूक उद्या सापडल्यासारखी सावकाश दाखवताही आली असती. एवढीशी तर गोष्ट. पण नेमकी हीच वेळ येऊ नये असं त्या रोज सकाळी देवाकडे मागत आल्या होत्या. आणि आज परीक्षा घ्यायला त्याने पाठवलं कुणाला, तर चष्मा घेऊन आलेल्या या माणसाला. ताईंना देवाचाही थोडा राग आला.

"तीन झाले नाहीत," त्या म्हणाल्या. "दार बंद आहे. त्यांना बाहेर पडताच येणार नाही, म्हणून ते आत आहेत. हे धरू नका." मग जड जिभेने पुढचंही बोलून टाकलं. "आणि ती चूक माझी आहे. दार मी तपासलं, पण शत्रू बंद ठेवून तपासलं."

सेनापतीने बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "पाणी माझ्याकडून राहिलं," तो हळूच म्हणाला. "मी तळं पाहिलंच नव्हतं. चित्रात पाहिलं होतं."

मोठ्या बाई उठल्या आणि पलीकडच्या खोलीत गेल्या. मागोमाग ही दोघं. बाईंनी यजमानांना विचारलं, तुम्ही इतका वेळ इथे थांबलात ते बाहेर पडायला वाट सापडली नाही म्हणून का?

"कुठून बाहेर?" यजमान म्हणाले.

"ते दार आहे ना, तिकडे."

यजमानांनी पडद्यात निरखून पाहिलं. "हो का? दार आहे होय? मी तिकडे फिरकलोच नाही. मला तुम्ही हे सांगा, या मनोऱ्यावरचं घड्याळ कुणी लावलं?"

मनोऱ्यावर एक घड्याळ होतं. बंदच दाखवायचं होतं, म्हणून काटे चित्रात रंगवले होते. ताईंनी त्याच्याखालची भिंत निदान चारशे वेळा रेटली होती.

"मोठा काटा सहावर आहे," यजमान म्हणाले. "म्हणजे अर्धा तास झालेला. मग लहान काटा बरोबर तीनवर कसा? तो तीन आणि चारच्या मध्ये हवा. घड्याळ बंद पडलं तरी असं पडत नाही. दहा मिनिटं मी बघतोय, आपल्याच डोळ्यांचा दोष आहे की काय म्हणून."

मोठ्या बाई खाली बसल्या आणि हसायला लागल्या, त्या बराच वेळ. ताईंच्या चेहऱ्यावर मात्र तोंडात मारल्यासारखा भाव होता. पाचशे पानांतला एक काना शोधणारी बाई, आणि दोन वर्षं मनोऱ्याखाली उभी राहून मान वर केली नाही. भिंतीच बघत राहिली.

बाईंनी तिथल्या तिथे निकाल दिला. माणूस आपण होऊन रमला होता, दाराशी त्याचा संबंधच आला नव्हता, तेव्हा दरी राहणार. तळंही राहणार. शिपायांना पाणी शिकवायचं, आणि दाराचा नियम दोघांनी मिळून नव्याने ठरवायचा. आणि एक गोष्ट. सोमवारपासून भिंतताई आणि सेनापती एका टेबलावर बसून गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळतील, सगळं चालू ठेवून. अमर कुणी नाही, करडी खोली नाही.

बसमध्ये ताई खिडकीबाहेर बघत बसल्या. उतरल्यावर मात्र राहवलं नाही. "काटा दिसला तर दिसला. सगळ्यांसमोर सांगायची काय गरज होती? घरी नसतं सांगता आलं?"

"त्या बाईंनीच तर सांगितलं, मनात येईल ते मोठ्याने बोला म्हणून," यजमान म्हणाले. मग चार पावलं चालून त्यांनी विचारलं, "तिथे एक नाव दिसली होती. ती चालते का?"

ताई भराभर पुढे चालू लागल्या. नाव चालत होती.

सोमवारी ताईंनी रजिस्टराचं नवं पान काढलं आणि वर तांबड्या पेनाने लिहिलं: शत्रू चालू. मग कंट्रोलर घेऊन पहिल्या पुलावर गेल्या आणि बाराव्या सेकंदाला मेल्या. पुन्हा गेल्या, नवव्या सेकंदाला मेल्या. दोन्ही वेळा नोंदवून घेतल्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या एकोणीस वेळा मेल्या आणि पूल काही ओलांडला गेला नाही. शेजारच्या मशीनवर सेनापती दरीपर्यंत पोचला होता आणि वीस मिनिटं गवतात हरवला होता.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "तळं कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडे," ताई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "दोन वर्षं सांगतेय. आणि तू आधी मला सांग, ढाल कुठल्या बटणावर आहे? हा मेला पुन्हा आला."